बिअर गार्डनमधले घावणे

"आई, डबा राहू दे ना. तिकडे सगळं मिळतं."

"काय मिळतं ते मी दोन दिवस बघत्येय," प्रेमा म्हणाली आणि तिने तव्यावरचा घावणा उलटला.

तवा म्हणजे खरं तर तवा नव्हताच. म्युनिकमध्ये चार दिवसांसाठी भाड्याने घेतलेल्या त्या फ्लॅटमध्ये एक काळा कुळकुळीत पॅन होता आणि विजेची शेगडी होती, जी एकदा तापली की थंड व्हायचं नाव घेत नव्हती. पहिले दोन घावणे प्रेमाने शेगडीच्या नावाने सोडून दिले. तिसऱ्यापासून बरी जाळी पडायला लागली. तांदळाचं पीठ तिने भांडुपहून आणलं होतं. सुक्या जवळ्याची चटणीही आणली होती, पण ती चार पिशव्यांत गुंडाळून, आपल्या परकरांच्या मधोमध, म्युनिकला पोचेपर्यंत सुबोधला पत्ता लागू न देता.

"अगं, रेनाटे येणारेय. ऑफिसची आहे. तिच्यासमोर तू जवळा काढणार?"

"तिला नको असेल तर नको खाऊ दे. मी काय भरवणार नाय तिला."

सुबोधने बायकोकडे पाहिलं. अक्षता केस विंचरता विंचरता हसली आणि तिने खांदे उडवले. सासू आणि नवरा यांच्यामध्ये कधी पडायचं आणि कधी नाही, हे ती लग्नानंतरच्या सहा वर्षांत नीट शिकली होती. डबा निघाला. सुबोधच्या पाठीवरच्या बॅगेत, पाण्याच्या बाटलीच्या खाली, त्याच्या अब्रूसारखा दडपून निघाला.

प्रेमा पेडणेकर आयुष्यात याआधी विमानात बसली नव्हती. मुलुंडच्या एका प्रसूतिगृहात तिने पंचवीसेक वर्षं आया म्हणून काढली. दुसऱ्यांची पोरं न्हाऊमाखू घातली, त्यांच्या आजीबायांच्या शिव्या खाल्ल्या आणि त्यांनीच दिलेले पेढेही खाल्ले. सुबोध अंधेरीच्या एका कंपनीत होता. जर्मनीतून येणारी, औषधाच्या गोळ्या पॅक करायची यंत्रं ही कंपनी विकायची, म्हणून वर्षातून एकदा तरी त्याची म्युनिकवारी ठरलेली. यंदा तो म्हणाला, आई, काम झालं की अक्षताला बोलावून घेतो, तूही ये, चार दिवस मजा करू. त्याला वाटलं होतं, आई गुडघ्यांची सबब सांगेल, देवाची सांगेल, घराला कुलूप कसं लावायचं म्हणेल. प्रेमाने दुसऱ्याच दिवशी स्वेटर उन्हात घातला. शेजारची कुंदा विचारायला आली, "काय गो, जूनमध्ये स्वेटर?" तेव्हा ही म्हणाली, "तिकडे काय ता कोणी बघितलाहा."

बघायचं होतं तिला वेगळंच, आणि ते तिने कुंदालाच काय, कुणालाच सांगितलं नव्हतं.

सुबोधचे वडील, गुणाजी, परळच्या गिरणीत होते. गिरणी बंद पडली, आशेवर दोन-तीन वर्षं गेली, मग कुठे वॉचमन, कुठे हमाली असं करता करता माणूस बाटलीला लागला. घरी येताना तो वेलची चघळत यायचा. युनियनची मीटिंग होती म्हणायचा, कुणी गावचा भेटला म्हणायचा. प्रेमा ते खरं धरून चालायची. पुढे पुढे वेलचीही बंद झाली, कारण लपवायची गरज उरली नाही. सुबोध नववीत असताना गुणाजीचं लिव्हर गेलं आणि मग तोही गेला.

त्या वर्षी प्रेमा पोराला घेऊन गावी गेली, मालवणच्या अलीकडे, आणि ग्रामदेवतेपुढे तिने गाऱ्हाणं घालायला लावलं. देवळात गावकऱ्याने हात जोडून, खणखणीत आवाजात देवाला सगळं सांगितलं. हा गुणाजीचा झील, ह्याच्या ओठाक दारूचो थेंब लागू दी नको रे म्हाराजा. जमलेले सगळे म्हणाले, व्हय म्हाराजा. चौदा वर्षांचा सुबोधही त्यांच्याबरोबर म्हणाला, व्हय म्हाराजा. प्रेमाचा जीव भांड्यात पडला. त्यानंतर दरवर्षी जत्रेला ती तेच गाऱ्हाणं घालून घेत आली.

आणि गेल्या काही वर्षांत एखाद्या शुक्रवारी सुबोध ऑफिसातून उशिरा यायचा, तेव्हा त्याच्या तोंडाला वेलचीचा वास असायचा.

तो वास पहिल्यांदा आला त्या रात्री प्रेमाला झोप लागली नाही. तिने विचारलं मात्र कधी नाही. विचारलं तर पोरगा खोटं बोलेल, ही तिला भीती. दारूपेक्षा तिला त्या खोट्याचं भय जास्त होतं. गुणाजीचं घर आधी खोट्याने पोखरलं, दारू त्यातून आत आली, असं तिचं पक्कं मत होतं. म्हणून ती मूग गिळून बसली. आता पोरगा दरवर्षी ज्या देशात जातो तिथे तो काय करतो, कसा राहतो, हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं आणि काय तो सोक्षमोक्ष लावायचा, एवढ्यासाठी ती एवढा समुद्र ओलांडून आली होती.

पहिले दोन दिवस तर झकास गेले. चौकातल्या त्या उंच घड्याळात अकराच्या ठोक्याला बाहुल्या नाचल्या, आणि खाली उभी असलेली सगळी माणसं गणपतीच्या देखाव्यासमोर उभी असावीत तशी माना वर करून बघत होती. पांढऱ्या सॉसेजची साल काढून खातात हे ठाऊक नसल्याने प्रेमाने ते सालीसकट चावलं आणि रबरासारखं चिवट लागतं म्हणून नाक मुरडलं. शेजारच्या टेबलावरच्या एका म्हातारबुवांनी सुरी घेऊन तिला साल कशी उतरवायची ते दाखवलं, आणि मग तिने गोड मोहरीबरोबर दोन खाल्ली. नदीकाठी अर्धं गाव चड्डीवर उताणं पडलं होतं. "ह्यांना घरात पंखे नायत वाटतं," ती म्हणाली. हातभर लांब वेटोळ्याचा, खडे मीठ लावलेला पाव तिला फार आवडला. तेवढं मीठ मात्र ती एकेक करून काढत राहिली.

आणि जिकडे बघावं तिकडे बिअर. सकाळी अकराला बिअर, दुपारी बिअर, बाबागाडी ढकलणाऱ्या आईच्या हातात बिअर. मधोमध बसलेला तिचा सुबोध मात्र सफरचंदाच्या रसात सोडा घालून पीत होता. तो ग्लास असा दोन्ही हातांत धरायचा की शाळेत मधल्या सुट्टीत दूध पिणारं पोर वाटावं. अक्षता मुद्दाम मोठ्याने म्हणायची, "सुबोधला हेच आवडतं, आई, ॲपल ज्यूस." तिने इतक्या वेळा ते सांगितलं की ॲपल ज्यूस न आवडणाऱ्यालाही संशय यावा.

बिअर गार्डन एका मोठ्या बागेच्या टोकाला होतं. पायाखाली खडी, वर चेस्टनटची जुनी झाडं, इतकी दाट की भर चारच्या उन्हात खाली गारवा. शेकडो माणसं लांबलचक लाकडी बाकांवर खांद्याला खांदा लावून बसलेली. एका चौथऱ्यावर चामडी अर्ध्या चड्ड्या घातलेले काही ढेरपोटे पुरुष ट्रंपेट वाजवत होते. हळदीकुंकवाला असावा तसा बायकांच्या बोलण्याचा कलकलाट होता. प्रेमाला मनातल्या मनात एखादा अंधारा, कुबट वासाचा गुत्ता अपेक्षित होता. हे बघून ती थोडी गोंधळली.

"इथेपण घरं बुडतच असतील," ती बसता बसता म्हणाली. "झाडाखाली बसलं म्हणून दारूचं सरबत होत नाय."

"हो आई," सुबोध घाईघाईने म्हणाला.

रेनाटे आली ती सायकलवरून. साठीला टेकलेली, उंच, रुंद हाडाची बाई, केस कापलेले, पायात सपाता. सुबोधच्या कंपनीची म्युनिकमधली सगळी कागदपत्रं तिच्या हातून जायची आणि इथे येणारा प्रत्येक परदेशी माणूस तिच्या हवाली केला जायचा. तिने प्रेमाचा हात दोन्ही हातांत घेतला, काहीतरी लांबलचक जर्मन बोलली, मग इंग्रजी, आणि दोन्ही पोचत नाही हे कळल्यावर नुसती हसली. प्रेमाने नमस्कार केला आणि तिच्या हातांकडे बघितलं. कामाचे हात होते. तिला बाई आवडली.

आणि मग रेनाटेने सायकलला अडकवलेली टोपली टेबलावर ठेवून आतून डबे काढायला सुरुवात केली. एकात मीठ लावून ठेवलेला पांढरा मुळा, चक्री जिन्यासारखा गोल गोल कापलेला. एकात लाल तिखटाचं चीज. एकात काकडी, एकात उकडलेली अंडी.

सुबोध बघतच राहिला. "रेनाटे, बाहेरचं चालतं इथे?"

चालतं म्हणजे काय, रेनाटेने सांगितलं, इथली जुनी रीतच आहे. ज्या टेबलावर चादर नाही, त्या टेबलावर ज्याने त्याने आपलं घरचं आणून खावं. फक्त पिणं तेवढं इथलं घ्यायचं. राजाच्या काळापासून असंच चालत आलंय. अक्षताने हे भाषांतर करून सांगितलं, तेव्हा प्रेमाने मुलाकडे अशी नजर टाकली की तो मुकाट्याने बॅगेची चेन उघडायला लागला.

घावणे निघाले. जवळ्याची चटणी निघाली. तिचा दरवळ तीन टेबलांपर्यंत गेला. सुबोधने डोळे मिटून घेतले, पण कोणी उठून गेलं नाही. रेनाटेने चिमटीने थोडा जवळा घेतला, जिभेवर ठेवला, तिचे कान लाल झाले, तिने खोकत खोकत एक अंडं खाल्लं आणि पुन्हा चिमूट घेतली.

"खातेय गो ही," प्रेमा खूश होऊन अक्षताला म्हणाली.

मग रेनाटेने तिला हाताला धरून पलीकडे नेलं. तिथे निखाऱ्यांवर तिरक्या काठ्या रोवल्या होत्या आणि प्रत्येक काठीला एकेक मासा टोचलेला, पाठीवर निळे-काळे पट्टे, पोट रुपेरी.

"बांगडो," प्रेमा म्हणाली. ती तिथेच उभी राहिली. हजारो मैलांवर, ट्रंपेट वाजवणाऱ्या लोकांत, चुलीवर उभा बांगडा. तिचं तिलाच हसू आलं. कागदात गुंडाळून मासा टेबलावर आला. तिने बोटांनी काटा एका ओढीत बाजूला काढला आणि सगळ्यांना वाटून दिला. "ताजा आहे," तिने निर्णय दिला. "पण हळद नाय, तिरफळ नाय. बिचाऱ्यांना कोणी सांगितलंच नाय."

सुबोध पोट धरून हसला. असा तो कित्येक महिन्यांत हसला नव्हता. प्रेमा त्याच्याकडे बघत राहिली. हसताना त्याचा डावा डोळा बारीक व्हायचा, थेट गुणाजीसारखा. गुणाजीही आधी असा हसायचा, गिरणी चालू होती तेव्हा.

एवढ्यात रेनाटे उठली आणि पिणं आणायला खिडकीकडे गेली. परत आली ती हातात ट्रे घेऊन. प्रेमापुढे लिंबू-सोड्याचा पेला. अक्षतापुढे तसाच. स्वतःपुढे पिवळ्या बिअरचा लिटरभराचा काचेचा मग. आणि सुबोधपुढे तसाच दुसरा, आत काळपट तपकिरी, वर दोन बोटं फेस.

"युअर डार्क वन, सुबोध," ती प्रेमळपणे म्हणाली. "ॲज युज्वल."

युज्वल हा शब्द प्रेमाला ठाऊक होता. प्रसूतिगृहातल्या डॉक्टरीणबाई राउंडला म्हणायच्या, युज्वल डोस द्या. नेहमीचा.

सुबोधचा चेहरा असा झाला की ट्रंपेटवाल्यांनीही थांबावं. आणि मग अक्षताने हात लांब करून तो मग आपल्याकडे ओढला.

"माझं आहे ते, आई," ती म्हणाली. "मी... मीच सांगितलं होतं रेनाटेला. म्हटलं, बघू तरी कसं लागतं."

रेनाटेने एकदा अक्षताकडे आणि एकदा सुबोधकडे पाहिलं. आपण नको तिथे पाय घातला आहे एवढं तिला कळलं असावं, कारण ती लगेच मुळा मोडायला लागली.

"बरं. पी मग," प्रेमा शांतपणे म्हणाली.

आता अक्षता ही घाटकोपरच्या माळकरी घरातली मुलगी. तिच्या माहेरी कांदासुद्धा चातुर्मासात दाराबाहेर. तिने तो मग उचलायचा प्रयत्न केला. एका हाताने उचलेना, दोन्ही हातांनी उचलला आणि औषध घ्यावं तसा एक घोट घेतला. तिच्या अंगावर सरसरून काटा आलेला दिसला. "छान आहे," ती डोळ्यांत पाणी आणून म्हणाली. प्रेमा बघत होती. अक्षताने आणखी एक घोट घेतला, फेस नाकात गेला, ती शिंकली. रेनाटेने तिच्या पाठीवरून हात फिरवला. सुबोध झाडाच्या शेंड्याकडे बघत बसला होता, जणू तिथे कोणी अडकलं होतं.

पलीकडच्या टेबलावरून कोणीतरी रेनाटेला हाक मारली, तिची एक मैत्रीण बसली होती. "वन मिनिट," म्हणून ती उठली, आणि मुद्दामच थोडी जास्त वेळ थांबली असावी.

तिसरा घोट घेण्यासाठी अक्षताने डोळे मिटले.

"ठेव गो ते," प्रेमा म्हणाली. "तुझ्याच्यानं नाय होणार."

"नाही आई, मी..."

"अक्षता. ठेव म्हटलं ना. चांगली पोर आहेस तू. पण खोटं तुझ्या घशाखाली उतरत नाय. ते दे त्याचं त्याला."

अक्षताने तो मग टेबलाच्या मधोमध ठेवला आणि हात मांडीवर घेतले. सुबोधची मान खाली गेली. तो आता पस्तिशीचा गडी होता, त्याच्या हाताखाली वीस माणसं होती, आणि तो चौदा वर्षांचा दिसत होता.

"आई," तो म्हणाला, "मी सांगणार होतो."

"कधी?"

त्याने बॅगेची उघडी चेन उगाच लावून टाकली.

"मला माहीत आहे रे," प्रेमा म्हणाली. तिचा आवाज वर चढला नाही. "घरी वेलची खाऊन येतोस तेव्हापासून माहीत आहे. माझ्या नाकाला शिकवतोस काय? जेवायला वाढताना समोर उभी असते मी."

"मग बोलली का नाहीस?"

"तू खोटं बोलला असतास म्हणून."

ट्रंपेटवाल्यांचं एक गाणं संपलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कोणीतरी बिअरचे मग आपटले. सुबोध म्हणाला, "देवासमोर शब्द दिलेला मी."

"तू कुठे दिलास? मी दिला." प्रेमाने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "देवळात पंचवीस माणसं व्हय म्हाराजा म्हणाली, त्यात तुझाही आवाज होता, एवढंच. चौदा वर्षांच्या पोराला काय कळतंय, कशाला हो म्हणतोय ते. मला तेव्हा काही सुचत नव्हतं. एक माणूस गेलेला, दुसरा जाऊ नये एवढंच डोक्यात."

"मी बाबांसारखा नाही होणार."

"ते नको सांगू. तोपण हेच सांगायचा. 'प्रेमा, मी तसलो नाय.' मी इतरांपेक्षा वेगळा, असं प्रत्येकाला वाटतं. तू असशीलही वेगळा. पण माझी भीती जात नाय त्याने. मला अजून भीती वाटते, सुबोध. तू हसलास ना आता बांगड्यावरून, तेव्हापण वाटली."

सुबोधच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याने ते लपवलं नाही. अक्षताने टेबलाखालून त्याचा गुडघा दाबला. प्रेमाला ते दिसलं आणि बरं वाटलं.

"तुला एक सांगत्ये, कधी बोलले नाय ते," ती म्हणाली. "सोनापूरला सिग्नलच्या मागे गुत्ता होता. तू लहान होतास, तुला आठवत नाय. महिन्याच्या सात तारखेला, पगाराच्या दिवशी, मी तिथे जायची. आत नाय, बाहेर. बाईमाणसाने आत जायची सोय नव्हती. समोरच्या पानवाल्याच्या फळीजवळ उभी राहायची, दाराकडे बघत. येणारे-जाणारे बघायचे. काही जण काय काय बोलायचे. तुझो बापूस भायर यायचो, तेव्हा सगळा आटोपलेला असायचा. मग त्याला धरून रिक्षात घालायचं, एवढंच माझं काम." तिने माशाचा काटा कागदात गुंडाळला. "तो आत कसा बसायचा, कोणाबरोबर बसायचा, एकटाच बसायचा का, किती पीत होता, रडत होता की हसत होता, ते मी कधी बघितलंच नाय. एवढा माझा नवरा. आणि मी फक्त दार बघितलं."

आईने हे सांगताना रडावं असं सुबोधला वाटत असणार, कारण तो तिच्या चेहऱ्याकडे एकटक बघत होता. प्रेमा रडली नाही. तिने फक्त समोरच्या टेबलावर पडलेलं चेस्टनटचं एक पान बाजूला सारलं.

"काय करू मग मी?" सुबोध म्हणाला. "नको पिऊ? सोडतो. खरंच सोडतो, आई."

"आत्ताच्या आत्ता शपथ घेऊ नको. ती पण लपवायला लागेल उद्या." प्रेमाने तो मग उचलला. जड होता, तिला दोन्ही हात लावावे लागले. तो तिने टेबलावरच्या खडे मिठाच्या वेटोळ्या पावाला वळसा घालून मुलापुढे आणून ठेवला. फेस खाली बसला होता. "माझ्यासमोर पी."

"काय?"

"माझ्यासमोर पी म्हणत्ये. इकडे पण, घरी पण. पितोस तर माझ्यासमोर. मला बघू दे. जास्त झालं तर मी बोलेन. तू ऐकलं नाहीस तरी बोलेन. पण बघितल्याशिवाय बोलायला लावू नको मला."

सुबोधने मगाच्या कानाला हात लावला आणि काढून घेतला. आईच्या तोंडून असं काही ऐकायची सवय नसलेला माणूस जसा घाबरतो तसा तो घाबरला होता. पुन्हा त्याने हात लावला.

"थांब," प्रेमा म्हणाली.

तो थांबला.

"आधी खा. रिकाम्या पोटी नको."

तिने डब्यातला एक घावणा काढला, त्यावर जवळ्याची चटणी घातली, शेजारी बांगड्याचा उरलेला मोठा तुकडा ठेवला आणि ते सगळं कागदाच्या बशीत त्याच्यापुढे सरकवलं. सुबोध खायला लागला. मान खाली घालून, भराभर, शाळेतून आल्यासारखा. अक्षताने आपल्या लिंबू-सोड्याचा एक मोठा घोट घेऊन तोंडातली कडू चव घालवली आणि ती हळूच हसली.

"आई, फार घाण लागतं हो ते."

"दिसलं मला."

घावणा संपल्यावर सुबोधने तो मग उचलला. तो बिचकत होता, आणि पहिला घोट अगदी लहान होता. प्रेमा त्याच्याकडे बघत होती. डोळे बघत होती, बोटं बघत होती. तिचा हात टेबलाखाली घट्ट मिटलेला होता आणि तो तिने उघडायचा प्रयत्न केला नाही. फेस त्याच्या वरच्या ओठाला लागला. त्याने तो पुसला. काही झालं नाही. आकाश तिथल्या तिथे होतं. तो म्हणाला, "रेनाटे सांगत होती, उद्या पाण्यावर फळी घेऊन उभे राहतात ती जागा बघूया. नदीत लाट आहे म्हणे एक."

"गावात नदी आणि नदीत लाट," प्रेमा म्हणाली. "बघूया."

रेनाटे परत आली. टेबलावरचा फरक तिला दिसला असावा, पण तिने विचारलं काही नाही. प्रेमाने तिला जवळ बसवून घेतलं आणि उरलेली सगळी चटणी तिच्या रिकाम्या डब्यात ओतून झाकण लावून दिलं. "ठेव तुला. भाताबरोबर," ती मराठीत म्हणाली आणि रेनाटेने मान हलवली.

ऊन कलायला लागलं तरी म्युनिकचा दिवस संपायचं नाव घेत नव्हता. बाजूच्या टेबलांवरून माणसं उठत होती, नवीन बसत होती. सुबोधच्या मगात अजून तिसरा हिस्सा होता. त्याने आईच्या गुडघ्यांचा विचार केला असावा, कारण त्याने मग बाजूला केला आणि बॅग ओढली.

"चला आई. बसून बसून पाय आखडले असतील तुझे. राहू दे हे."

"बस रे," प्रेमा म्हणाली. "मला घाई नाय. सावकाश होऊ दे तुझं."

सुबोध परत बसला. इथे कुठे दार नव्हतं, नुसती झाडं होती आणि चारही बाजूंनी मोकळं. प्रेमाने पाठ थोडी मागे टेकवायचा प्रयत्न केला, बाकाला पाठ नव्हती. मग ती जराशी सरकून मुलाच्या खांद्याला खांदा लावून बसली, मुळ्याची एक चकती तोंडात टाकली, आणि तो पिऊन होईपर्यंत त्याच्याशेजारी बसून राहिली.